चाल नसलेलं व्हायोलिन

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर नातीचा रियाज ऐकलात आणि शेवटी न राहवून म्हणालात, "अगं, याला काही चाल आहे की नाही? नुसतं चक्-चक्, चक्-चक् चाललंय." मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण खरं सांगते, तीन महिने तेच ऐकून माझेही कान किटले होते. शनिवारी संध्याकाळी तिच्या ऑर्केस्ट्राचा बागेत कार्यक्रम झाला आणि त्या चक्-चक्चा उलगडा झाला. म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही.

सगळी हौशी मंडळी. आपापली कामं सांभाळून आठवड्यातून एकदा तालमीला जमतात. शेजारी, दोन मैत्रिणींची कुटुंबं आणि आम्ही, असे सगळे गवतावर चादरी पसरून बसलो. वादकांच्या मागे शिंपल्यासारखी मोठी कमान होती, कारण उघड्यावर आवाज परतवायला भिंती नसतात. कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक स्टँडला कपड्यांचे चिमटे. आई, तू हसली असतीस. अंगात काळे कोट, आणि समोर वाळत घातल्यासारखं नोटेशन!

आधी सूर जुळवणं. ओबो नावाचं वाद्य असतं, आपल्या सनईसारखी पत्ती ओठांत धरून वाजवायचं. ते एकच स्वर लांबवतं, पांढरी सहा, आणि बाकीचे सगळे त्याला मिळतात. तुमचे जावई म्हणाले, "सुरू झालं वाटतं." मी म्हटलं, अहो, तंबोरा लागतोय अजून.

गंमत पुढे आहे. मध्यंतरानंतर ऊन उतरलं, गार वारा सुटला आणि पुन्हा जुळवावं लागलं. गारठ्यात फुंकायची वाद्यं उतरतात आणि तारा आखडून चढतात, म्हणजे दोघं एकमेकांपासून लांबच जायला लागतात. तरी एका हॉर्नचा स्वर घसरलाच. कोणी मनावर घेतलं नाही. मैत्रिणीच्या बाळाने मात्र लगेच त्याची नक्कल केली.

शेवटी वॉल्ट्झ होता, म्हणजे जोडीने गिरक्या घेत नाचायची धून, योहान श्ट्राउसचा 'ब्लू डॅन्यूब', 1867 सालचा. तीन मात्रांचा ताल. चाल पहिल्या व्हायोलिनांकडे. पहिली मात्रा खालच्या जाड आवाजाच्या वाद्यांकडे. आणि दुसरी-तिसरी कोणाकडे? आपल्या पोरीकडे! ती दुसऱ्या व्हायोलिनांत बसते. घरी ऐकताना त्यात सम नव्हती, चाल नव्हती. दोन्ही तिथे दुसऱ्यांच्या हातात होत्या. त्यातही व्हिएन्नाच्या पद्धतीने दुसरी मात्रा किंचित आधी पडते आणि तिसरी आपल्या जागी येते. त्या एवढ्याशा घाईनेच सगळं झुलायला लागतं. तालमीत यावरून तिला तीनदा थांबवलं होतं म्हणे, आणि मी समजत होते, पोरीला ताल धरता येत नाही. बाबा, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं असतं.

मधेच पान उलटायची वेळ आली. एका स्टँडवर दोघं वाजवतात आणि आतल्या बाजूला बसलेल्याने पान उलटायचं असतं, म्हणजे हिने. तिने चिमटा काढला, वारा आलाच, आणि कागद थेट चेलोवाल्या आजोबांच्या पायाशी. माझा जीव घशात. पण ती तशीच समोर बघत वाजवत राहिली, चक्-चक्, चक्-चक्. पाठ होतं ना! तीन महिने आमचे कान किटवले ते उगाच नाही. आजोबांनी एक पाय कागदावर ठेवला आणि वाजवता वाजवताच तिला डोळा मारला.

घरी येताना गाडीत झोपली, व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन.

आई, तुझं गुडघ्याचं सविस्तर लिही, बाबांकडून निरोप नको. आणि बाबा, रविवारी फोनजवळ तबला घेऊन बसा. तिचा हट्ट आहे, "आजोबांना सांग, एक तुम्ही द्या, दोन-तीन मी वाजवते." दोन जरा लवकर येईल हं, तिला टोकू नका.

तुमची,
लेक