खुपऱ्या गेल्या, वळलेले केस राहिले

महोदय,
ऑक्टोबर २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खुपऱ्या म्हणजेच ट्रॅकोमा हा डोळ्यांचा संसर्गजन्य रोग भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या उरला नसल्याचे जाहीर केले. १९६३पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे हे मोठेच यश. पण रोग समूळ गेला, असा याचा अर्थ नाही. १ ते ९ वर्षांच्या मुलांत सक्रिय खुपऱ्या ५ टक्क्यांहून कमी असाव्यात, हा या घोषणेचा एक निकष. दुसरा पापणीचे केस आत वळलेल्या रुग्णांचा. १५ वर्षे व त्यावरील लोकांत आरोग्य यंत्रणेला ठाऊक नसलेले असे रुग्ण ०.२ टक्क्यांहून कमी हवेत.

लहानपणी वारंवार झालेल्या संसर्गाचे व्रण काही दशकांनंतर पापणी आत ओढतात आणि केस बुबुळावर घासू लागतात. गावाहून मुलाकडे मुंबईत राहायला आलेल्या आजींना मोतीबिंदू शिबिरात नेले, तरी पापणीची कड पाहिली जातेच असे नाही. बॅटरी आणि भिंग घेऊन वरची पापणी जरा उचलली की दिसते. मिनिटही लागत नाही. घरोघरी चिमट्याने केस उपटतात. त्याने तात्पुरते बरे वाटते, पण तुटलेल्या केसाचे आखूड, ताठ खुंट अधिकच टोचतात. खरा उपाय पापणीची कड बाहेर वळवणारी छोटी शस्त्रक्रिया. तीही फक्त पापणीपुरती भूल देऊन. मात्र केस पुन्हा वळू शकतात, म्हणून काही महिन्यांनी फेरतपासणी हवीच.

पालिकेच्या दवाखान्यांनी ज्येष्ठांच्या नेत्रतपासणीच्या कागदावर ‘पापणीचे केस’ असा एक रकाना वाढवावा.

– एक नेत्रचिकित्सा अधिकारी, परळ, मुंबई