घराकडचं खरं तेवढं कळवत जा

गड्या,

फोनवर बोललो तेव्हा बाबा शेजारीच होते म्हणून नीट सांगता आलं नाही, आता सगळी झोपलीत तर टाईप करत बसलोय. ऑर्डर आली बघ. साऊथ सुदान, युएनच्या मिशनवर, साधारण वर्षभर. आधी दिल्लीत ट्रेनिंग, मग तिकडं. यलो फिव्हरची लस घेऊन झाली, मलेरियाच्या गोळ्या तिथं चालूच राहणार.

बाबांनी 2013 चं काढलं. त्या एप्रिलमध्ये तिकडच्या जोंगलेई भागात ताफ्यावर हल्ला होऊन आपले 5 जवान गेले, ते त्यांना कुणीतरी सांगितलंय. मी लपवलं नाही. म्हटलं, आपलं काम घरदार सोडून छावणीत आलेल्या माणसांना राखायचं, मदतीच्या ट्रकांना सोबत द्यायची, पण बंदुका तिथं पुष्कळ जणांकडं आहेत. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग भात कापायला माणसं कोण बघणार एवढंच विचारलं.

माझा जीव अडकलाय तो घरात रे. जम्मूकडं होतो तेव्हा बाबांचा गोठ्यात घसरून पाय मोडला, आणि मला कळलं कधी तर सुट्टीवर आल्यावर! ड्युटीवर टेन्शन नको म्हणून सगळ्यांनी मिळून "बरं आहे, बरं आहे" चालवलेलं. तिथनं निदान सुट्टी मागून रेल्वेनं बेळगाव गाठता येत होतं, साऊथ सुदानातनं असं उठून येता येत नाही, आणि घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, म्हणजे मी रात्री 9 ला मोकळा झालो की इथं साडेबारा. आई त्या वेळी झोपेतनं उठून पण बरंच आहे म्हणणार. म्हणून तुला सांगतोय, तू तसं करू नको. बाबांची शुगर वाढली, पोरगी आजारी पडली, बायको रडली, जे असेल ते मला मेसेज कर. मी ऐकून घेईन. न कळलेलंच मला जास्त खातं.

दुसरं म्हणजे कागद. बायको महाराष्ट्रातली, चंदगडची, कन्नड बोलायला शिकली पण वाचता येत नाही. सोसायटीची पीककर्जाची नोटीस, पंचायतीचा कागद, उतारा, सगळं कन्नडात, तेवढं वाचून दाखव आणि तू बघितल्याशिवाय कुठं सही करू देऊ नको. भाऊबंदांनी बांधाचा विषय काढलाच तर बाबांबरोबर जा, एकटे गेले की तापतात. पोरीचं नाव पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे आर्मीतल्या माझ्या रेकॉर्डला चढलंय, डिपेंडंट कार्डही झालंय, म्हणजे कॅम्पातल्या मिलिटरी हॉस्पिटलला नेता येतं, पण रात्री गाडी तुझीच लागणार. भातानंतर मसूर पेरायचा का नाही ते बाबांवर सोड, त्यात मी पडत नाही.

रविवारी सकाळी ये. पासबुक, इन्शुरन्स, कर्जाचे कागद एका फाईलीत लावलेत, बायकोसमोरच तुला दाखवतो. वहिनींना पण आण, जेवूनच जायचं.

तुझाच

येळ्ळूर