गुहागरच्या काकांना, नाण्यांचा छंद "सोड" किंवा "सोडू नको" यातलं काहीच न सांगितल्याबद्दल

काका, नमस्कार.

तुम्ही व्हॉट्सॲप उघडत नाही हे मला माहितीय, त्यामुळे तुमची नात वाचून दाखवेल या हिशोबाने लिहितेय. आणि उघड लिहितेय कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते पडवीत चहा पिता पिता "थँक्यू काका" म्हणून भागणारं नाही. शिवाय समोर बसून म्हटलं असतं तर तुम्ही "बरं बरं" करून विषय बदलला असतात.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी आलं तेव्हाचं सगळं तुम्हाला माहितीच आहे, पण बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आमचं घर तळमजल्यावर, मी काम करते ते मेडिकलही बाजारपेठेतलं. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे, आणि खाली काय चाललंय ते नुसतं आवाजावरून कळत होतं, भांडी आपटत होती, मग काही वेळाने तोही आवाज बंद झाला. पाणी उतरल्यावर खाली आलो तर गुडघाभर चिखल, फ्रिज आडवा, कपाटाचं दार फुगून बसलेलं, आणि त्या कपाटात खालच्या कप्प्यात माझे नाण्यांचे चार अल्बम आणि आजीचा पितळेचा डबा. चौदा वर्षं जमवलेलं. पहिला अल्बम उचलला तर पानापानातून चिखल गळत होता.

तेव्हा मी रडले आणि सगळ्यांना वाटलं नाण्यांसाठी रडतेय. खरं म्हणजे तो अल्बम हातात घेतल्यावर मला एकदम सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि असं वाटतंय याचीच इतकी लाज वाटली की रडू आलं. पुराने माझा छंद बुडवला असं आमच्याकडे अजून म्हणतात. पण तो छंद पूर यायच्या आधी दोन वर्षं आटत आला होता आणि मी ते कुणाला बोलले नव्हते.

कारण तोवर ते काय झालं होतं बघा. माझ्याकडे एक रजिस्टर होतं, उभ्या रांगेत सालं, आडव्या रांगेत चार टांकसाळी. गेंड्याचे चार आणे, सालाच्या खाली हिरा असला तर मुंबई, तारा असला तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा, काहीच नसलं तर कलकत्ता. रात्री अकराला दुकानातून आणलेली चिल्लर भिंगाखाली घालायची, चौकोनात टिक करायची, झोपायचं. टिक झाली की ते नाणं मी परत कधीच बघत नव्हते. उरलेले चौकोन भरायला ऑनलाइन मागवायचे, पगारातले हजार-दीड हजार दर महिन्याला तिकडे जायचे, पार्सल आलं की उघडायचाही कंटाळा यायचा, तीन पार्सलं तशीच पडली होती. तरी थांबता येत नव्हतं. इतकं केलंय तर आता कसं सोडायचं, हा एकच विचार.

पुरानंतर दुकान धुवायला काढलं होतं, सगळी औषधं बाहेर काढलेली, वास येत होता, आणि तुम्ही आलात. दर महिन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येता तेव्हा आमच्याकडून बीपीच्या गोळ्या नेता, आणि दिलेलं प्रत्येक नाणं उलटंपालटं करूनच खिशात घालता, आपली ओळख तेवढीच. त्या दिवशी जो येत होता तो विचारत होता फर्निचर किती गेलं, पंचनामा झाला का. तुम्ही ते सगळं विचारलंत आणि मग म्हणालात, "आणि गो, तुझी नाणी?"

मला माहीत नाही मी तुम्हालाच का सांगितलं. फिनेलची बादली हातात होती आणि मी सगळं बोलून गेले, सुटल्यासारखं वाटलं तेसुद्धा. तुम्ही "असं कसं, एवढी वर्षं जमवलंस" म्हणाला नाहीत. "जाऊ दे, टाकून दे" पण नाही. तुम्ही म्हणालात, "मग सोडायची तर सोड, पण चिखलात नको. आधी धुवू, मग बघू." आणि ती सात-आठ किलोची पिशवी स्वतः उचलून एसटीत घेऊन गेलात, या वयात.

पुढच्या आठवड्यातला फोन तुम्हाला आठवतोय ना. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे का, तीन लाख देतो, फक्त आधी अठराशे पन्नास रुपये रजिस्ट्रेशन भरा. एरवी मी हसून ठेवला असता फोन, पण तेव्हा घरात गॅस शेगडीसुद्धा नवीन घ्यायची होती आणि मी भरणार होते हो काका, खरंच भरणार होते. तुम्हाला सहज विचारलं तर तुम्ही पेपरातलं कात्रण वाचून दाखवलंत, त्याच ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा काही संबंध नाही आणि आमच्या नावाने कुणी फी, कमिशन मागत असेल तर देऊ नका. वाचणाऱ्यांनी पण हे लक्षात ठेवा प्लीज, ज्यांच्या घरात नुकतं काहीतरी बुडालंय त्यांना असे फोन लगेच खरे वाटतात.

मग आपले ते रविवार. सकाळच्या गाडीने गुहागर, मागच्या पडवीत तुमचं काचेचं मोठं बाऊल, आणि गॅरेजमधून आणलेलं बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. नळाचं, विहिरीचं पाणी नको कारण त्यातले क्षार परत नाण्यावर बसतात, हे मला चौदा वर्षांत माहीत नव्हतं. घासायचं नाही, चिंच नाही, लिंबू नाही, पितांबरी तर अजिबात नाही, नुसतं भिजत ठेवायचं आणि रोज पाणी बदलायचं. तुम्ही सोमवार ते शनिवार रोज ते पाणी बदलत होतात, मी फक्त रविवारी यायचे.

आणि तेव्हा कळलं की निम्मं नुकसान पुराचं नव्हतंच. माझ्या स्वस्तातल्या अल्बमची पाकिटं पीव्हीसीची, ती वर्षानुवर्षं तांब्याच्या नाण्यांना चिकटून हिरवा चिकट थर धरत होती, त्यात आपली खारी दमट हवा. मी दोन वर्षं उघडून बघितलं नाही त्या काळात ते चालू होतं. तो थर काढायला ॲसिटोन, मी मेडिकलमधलं नेलपॉलिश रिमूव्हर आणते म्हटलं तर तुम्ही चिडलात, त्यात तेल आणि सुवास असतो म्हणे, शुद्ध ॲसिटोन हवं, तेही बाहेर उघड्यावर आणि काकूंची चूल विझल्यावर. नाणं आत सोडलं की कडेने हिरवी रेघ सुटायची आणि पाण्यात शाई पसरावी तशी पसरत जायची, आपण दोघं नुसतं बघत बसायचो. १८३३ चा तो तराजूचा पाव आणा तसाच वर आला, आधी एक पारडं, मग दुसरं, मग मधली ती फारसी अक्षरं. तुम्ही म्हणालात अदल, म्हणजे न्याय. माझ्याकडे तो नऊ वर्षं होता काका. मी फक्त साल बघून टिक केली होती.

तुम्ही एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर, रात्रीच्या गाडीत दिवे बंद असताना हाताने नाणी ओळखायचात. त्या पडवीत तुम्ही डोळे मिटून माझी चिल्लर लावून दाखवलीत. चौकोनी ते पाच पैसे, कडेला लाटा ते दहा, छोटं फुलासारखं ते दोन, सहा कोनांचं लहान ते तीन आणि मोठं ते वीस. आणि एक पैशाचं ॲल्युमिनियमचं, पाऊण ग्रॅमचं, ते तळहातावर ठेवून तुम्ही नुसते हसलात. ही नाणी वेगवेगळ्या आकारात का काढली हे मी वाचलं होतं, कुणाच्या बोटांत बघितलं नव्हतं.

आजीच्या डब्यात सहाच नाणी होती, लक्ष्मीपूजनाला काढायची ती. दोन भोकाचे पैसे, १९४३ ते ४७ मधले, लढाईत तांबं वाचवायला मध्ये भोक पाडलेले, तुम्ही म्हणालात लोकांनी त्यांचे वायसर करून वापरले. एक ढब्बू पैसा, दोन चवल्या, आणि शिवराई. आजी म्हणायची ती महाराजांच्या काळातली. तुम्ही ती उन्हात धरलीत, बराच वेळ गप्प राहिलात, मग म्हणालात ही दुदांडी, नंतरची आहे, पेशवाईतली किंवा त्याच्याही नंतरची, पण महाराजांनी १६७४ ला पाडलेलं नाणं त्यांच्या नावानेच शंभराहून जास्त वर्षं बाजारात चाललं, त्यातली ही. मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटू नये अशा बेताने तुम्ही ते सांगितलंत. आणि तिच्या अक्षरांच्या खाचेत आजीच्या वेळचं कुंकू अजून होतं, पुरातूनही राहिलेलं, ते तुम्ही काढू दिलं नाहीत. "हा मळ नव्हे," एवढंच म्हणालात. शिवराई ॲसिटोनमध्ये गेली नाही.

राम-सीता-हनुमान असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा १८१८ चा आणा, जो मी अडीच हजाराला घेतला होता, तोही तुम्हीच बाजूला काढलात. कंपनीने असा आणा कधी पाडलाच नाही, हे असे टोकन देवघरासाठी म्हणून विकले जातात. मी म्हटलं निदान पाचशेला कुणाला तरी देऊन टाकते, तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की ते वाक्य मी परत उच्चारलं नाही.

एका रविवारी तुम्ही म्हणालात आज धुणं नको, आणि धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला नेलंत. बोटीत तुम्ही सांगितलं की पलीकडे आदिलशाहीत लारी पाडायचे, चांदीची तार दुमडून केसातल्या आकड्यासारखी, वरून ठसा मारलेला, त्यावर दाभोळचं नाव. इराणातल्या लार गावावरून लारी. मी नोएडाच्या ठिपक्यासाठी रात्री जागवल्या आणि ज्या खाडीतून मी लहानपणापासून मामाकडे जातेय तिथल्या चांदीचं मला माहीत नव्हतं. मला वाटलं आता तुम्ही म्हणणार, बघ, म्हणून सोडू नको. तुम्ही शेंगदाणे खाल्लेत आणि परतीच्या बोटीची वेळ विचारून आलात.

मीच मग विचारलं, काका, सोडू का? तेव्हा तुम्ही काडेपेट्यांच्या चित्रांचं सांगितलंत, तरुणपणी नऊशेच्या वर जमवली होती आणि एक दिवस शेजारच्या पोराला देऊन टाकलीत. मी म्हटलं, वाईट नाही वाटलं? तुम्ही म्हणालात, "नाही गो. एकदाही आठवण आली नाही." काका, त्या वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे. मला तोवर सगळ्यांनी सांगितलं होतं की पुढे पस्तावशील. सोडल्यावर काहीच होत नाही असंही असू शकतं हे कुणी नाण्यावर इतका जीव असलेला माणूस सांगेल असं वाटलं नव्हतं.

बाकीचं पटकन सांगते. रजिस्टर रद्दीत गेलं. अकराशेच्या आसपास नाणी तुमच्या ओळखीच्या रत्नागिरीच्या व्यापाऱ्यांनी नेली, तुम्ही शेजारी बसून एकेकाचा भाव लिहून घेतलात, लाखबिख काही नाही, पण नवीन शेगडी आली आणि थोडे उरले. ऑनलाइन खरेदी त्या दिवसापासून बंद. आजीची सहा, तराजूचा पाव आणा, आणि हाताने ओळखायची तुमच्यासारखी चिल्लर, सगळी मिळून चाळीसेक ठेवलीत, कागदी पाकिटात, सिलिका जेल घालून. लोक विचारतात अजून जमवतेस का तर मला नीट उत्तर देता येत नाही, आणि त्याचा त्रासही होत नाही. अधूनमधून रात्री डबा काढते आणि बघते, कधी सहा महिने काढत नाही.

तुमचं काचेचं बाऊल अजून माझ्याकडे आहे. आजीची नाणी शेवटची एकदा पाण्यात ठेवायला नेलं ते राहिलंच, बुडाशी एक हिरवट रिंग बसलीय, कशानेही जात नाही. काकूंना म्हणावं नवीन आणून देते. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येते, गोळ्याही घेऊन येते, तुमचा हेलपाटा वाचेल.

तुमची,
चिपळूणच्या मेडिकलमधली