मंत्रिमहोदय, रात्री कूस कोण बदलणार?

मा. मंत्रिमहोदय,
(सार्वजनिक आरोग्य किंवा वैद्यकीय शिक्षण, ज्यांच्या खात्यात हे बसेल ते)

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपण सोलापुरात येऊन गेलात. ‘रुग्णसेवेत तडजोड खपवून घेणार नाही, परिचारिकांची रिक्त पदं लवकरच भरू,’ असं म्हणालात. पेपरात फोटोसकट वाचलं. निवडणुकीआधीही हेच वाचलं होतं, त्यामुळे आता पाठ झालंय. आपलं भाषण चालू होतं त्याच दुपारी डॉक्टर माझ्या वडिलांच्या माकडहाडावरचं काळं पडलेलं मांस कापून काढत होते.

वडिलांना लकवा मारला. वय एकाहत्तर, शुगर जुनी, जन्म गिरणीत गेलेला. डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. स्कॅन झाला, औषधं सुरू झाली, जीव वाचला. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर आपण चौकशी लावाल आणि निलंबित होईल ती त्या रात्रीची सिस्टर.

अंग लुळं पडलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षातल्या मुलींनाही शिकवतात. एकाच जागी भार राहिला की तिथलं रक्त अडतं. कातडी आधी लाल होते, बोटानं दाबून सोडली तरी लाली जात नाही. तेव्हाच ओळखलं तर माणूस वाचतो या दुखण्यातून. पण त्यासाठी रोज कुणीतरी पाठ उघडी करून बघायला हवी ना? आमच्या वॉर्डात रात्री सिस्टर एक आणि पेशंट पन्नास-साठ तरी असतील, काही खाली गादीवर. सलाईन त्यांनीच लावायचं, इंजेक्शनं त्यांनीच द्यायची, शुगर तपासायची, नवीन पेशंटचा केसपेपर भरायचा, कुणी गेला तर त्याचेही कागद करायचे. वॉर्डबॉय मामा कुणाला तरी एक्स-रेला घेऊन गेलेले. आया मावशी दोन वॉर्डांत मिळून एक.

शेवटी सिस्टरच मला म्हणाल्या, “दादा, तुम्हीच वळवा. उशी अशी पाठीला लावा.” नाकातल्या नळीतून पेज घालायलाही मलाच शिकवलं, “डोकं उंच ठेवा, नाहीतर छातीत जाईल.” मी गणवेश शिवणारा माणूस. शाळेचे शिवतो, दवाखान्याचेही शिवतो. तो आता पेशंट सांभाळायला बसला! फोड आला, फुटला, आणि आठवड्यात बोट जाईल एवढा खड्डा पडला. त्यात शुगर, म्हणजे भरायचं नाव नाही. एअर बेड, ड्रेसिंग, बंद पडलेलं वर्कशॉप, सगळं धरून पाऊण लाख तरी गेले असतील. बिलं जपून ठेवायला उसंत कुणाला होती?

आणि हो, चादर घरून आणा म्हणाले. सोलापुरात, चादर घरून! आपण वॉर्डात फिरलात त्या सकाळी मात्र इस्त्रीच्या पांढऱ्या चादरी आल्या होत्या. संध्याकाळी त्या परत गेल्या.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आपल्या टेबलावर असेलच. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक. पन्नासला एक हा निकष कुणी काढला, तेवढं कळवा. इमारतींना पैसे मिळतात, मशिनींना मिळतात, फीत कापायलाही मिळतात. माणसं भरायची म्हटलं की वित्त विभाग आडवा येतो. २०२० साली कोरोनात परिचारिकांसाठी थाळ्या वाजवल्या, हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली. २०२२च्या मे महिन्यात त्याच परिचारिका खासगी एजन्सीमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर बसल्या, तेव्हा फुलं संपली होती वाटतं. २०२३च्या ऑक्टोबरात नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण गेले, तर एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांना (डीनना) संडास साफ करायला लावला. झाला आरोग्याचा प्रश्न निकाली!

आमचं शहर २०१६ साली पहिल्या वीस स्मार्ट शहरांत निवडलं गेलं. नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं, ते सोडा. चीनमध्ये जाऊन युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या डॉ. कोटणीसांचं हे गाव, म्हणून चीनचा विषय निघाला की नेत्यांना सोलापूर आठवतं. कोटणीसांची बायको परिचारिका होती, पुढच्या भाषणात तेवढं तरी घ्या.

मागणी मोठी नाही. पदं कायम भरा, अकरा महिन्यांच्या करारावर नकोत. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर पाळीगणिक फळा लावा, पेशंट किती आणि सिस्टर किती, खडूनं लिहिलं तरी चालेल. मामा-मावशींच्या रिकाम्या जागा भरा, कारण ऐंशी किलोच्या माणसाला एकट्या बाईला वळवता येत नाही, तिच्या कंबरेचाही विचार करा.

उत्तर द्यायचं झालं तर भरतीच्या जाहिरातीची तारीख तेवढी लिहा. ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे अग्रेषित करण्यात आला आहे’, हा कागद माझ्याकडे आधीच आहे.

आपला,
एका पेशंटचा मुलगा
पूर्व भाग, सोलापूर