प्रवेश घेतला, पण वर्गात आले का?

प्रवेश व विद्यार्थी साहाय्य कक्षातील सर्व सभासदांसाठी:

प्रवेश निश्चित झाला म्हणजे विद्यार्थी आला, असं धरू नका. मोठी गळती पहिल्या तासाच्या आधीच्या आठवड्यांत होते. फी भरलेली असते, पण पावती अपलोड करायची राहते आणि हजेरीपटावर नावच येत नाही! ज्यांच्या घरातून आधी कुणीच कॉलेजात गेलेलं नाही, त्यांना हे विचारायचं कुणाला, तेही ठाऊक नसतं. त्यांना आधी फोन करा. मेसेजमध्ये एकच काम आणि त्याची मुदत लिहा. पाच कामं एकदम सांगितली की एकही होत नाही.

वर्ग सुरू झाल्यावर पहिले सहा आठवडे दर शुक्रवारी हजेरी तपासा, गणिताची आधी. सलग दोन तास बुडाले तर त्याच आठवड्यात बोला. सहामाहीच्या निकालापर्यंत थांबलात तर फार उशीर होतो.