रुळांवरून राखीव निधीकडे

प्रिय मधू,
सप्रेम नमस्कार.

फ्रेडरिक डेलानोसारखा रेल्वेवाला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह बोर्डावर, म्हणजे तिथल्या बारा प्रादेशिक रिझर्व्ह बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळावर कसा, हा तुझा प्रश्न रास्तच आहे. १९१३ च्या कायद्यात पाच नियुक्त सदस्यांपैकी किमान दोघांना बँकिंगचा किंवा वित्तव्यवहाराचा अनुभव असावा एवढीच अट होती. ती वॉरबर्ग आणि हार्डिंग या बँकरांनी पुरी केली. डेलानो शिकागोकडचा. सहा वर्षांची मुदत, १२ हजार डॉलर पगार आणि उपगव्हर्नरपद त्याच्याकडे आलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला फ्रँकलिन रूझवेल्ट त्याचा सख्खा भाचा, पण रूझवेल्ट तेव्हा नौदल खात्यात सहायक सचिवच होता.

त्याची खरी शाळा म्हणजे वाबॅश रेल्वे. तिथे तो १९०५ पासून अध्यक्ष होता. पिट्सबर्गमध्ये घुसण्यासाठी बांधलेल्या सुमारे ६० मैलांच्या डोंगरी मार्गाने, त्यातल्या बोगद्यांनी नि पुलांनी, पैसा गिळला. तो मार्ग १९०८ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि १९११ च्या डिसेंबरात वाबॅशही रिसीव्हरांकडे, म्हणजे बुडीत कंपनी चालवायला कोर्टाने नेमलेल्या माणसांकडे गेली. त्या रिसीव्हरांत डेलानो स्वतः होता. अशा वेळी गाड्या चालू राहतात, कोर्ट रोखेधारकांना थोपवतं, आणि रिसीव्हरने काढलेल्या नव्या कर्जाला जुन्या रोख्यांआधी हक्क मिळतो. रेल्वेचा जीव जातो तो इथेच: मालमत्ता कोट्यवधींची, पण रूळ उखडून व्याजाचा हप्ता भरता येत नाही.

अमेरिकेतल्या रिझर्व्ह बँकेचा तेव्हाचा धंदा नेमका याच्या उलट. व्यापाऱ्याची हुंडी स्थानिक बँक घ्यायची, पाठीवर सही करून रिझर्व्ह बँकेकडे द्यायची आणि बट्टा कापून उरलेली रक्कम तिच्या खात्यात जमा व्हायची. मुदत ९० दिवस, शेतीच्या कागदाला सहा महिने. नोटांमागे ४० टक्के सोनं, ठेवींमागे ३५ टक्के सोनं किंवा कायदेशीर चलन ठेवावं लागायचं. (आपल्या रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातही ४० टक्केच होते, फक्त सोन्यासोबत स्टर्लिंग रोखे धरून.) बिघाड व्हायचा तो नूतनीकरणाने. यंत्रासाठी घेतलेलं कर्ज दर ९० दिवसांनी नवा कागद लिहून पुढे ढकललं की हुंडी नावापुरती उरते.

तुला आवडेल तो भाग सुवर्ण हिशेबपूर्ती निधीचा, १९१५ चा. त्याआधी एका जिल्ह्याचं, म्हणजे एका रिझर्व्ह बँकेच्या क्षेत्राचं, देणं दुसऱ्याला चुकवायचं तर सोनं प्रत्यक्ष आगगाडीने जायचं, वर वाहतूक आणि विमा. आता प्रत्येक बँकेने वॉशिंग्टनमध्ये दहा लाख डॉलरचं सोनं, शिवाय आपली निव्वळ देणी भागेल इतकं ठेवलं. दर आठवड्याला तारेने आकडे यायचे, बेरीज-वजाबाकी व्हायची आणि सोन्याची मालकी फक्त वहीत बदलायची. रेल्वे कंपन्या एकमेकींच्या वाघिणींचं (मालडब्यांचं) दिवसभाडं असंच वळतं करत, त्यामुळे डेलानोला हे शिकवावं लागलं नसणार.

जिल्ह्यांच्या संख्येवर मात्र तो हरला. बारा बँका जास्त आहेत, दुबळ्या विलीन करा, असं त्याच्यासह चार सदस्यांचं मत होतं. अर्थमंत्री मॅकॅडू विरोधात, आणि तोही हडसन नदीखालच्या रेल्वेबोगद्यांचा माणूस! १९१५ च्या नोव्हेंबरात महान्यायवादी ग्रेगरीने मत दिलं की बँक बंद करायचा अधिकार बोर्डाला नाहीच. बारा आजही बाराच आहेत.

१९१८ मध्ये राजीनामा देऊन तो लष्करात, फ्रान्समधल्या वाहतुकीच्या कामावर गेला.

तुमच्या रेल्वे विभागात झोन-झोनमधला वाघिणींचा हिशेब कसा मिटवायचे? पुढच्या पत्रात सविस्तर लिही.

तुझा,
विनायक