ते पान परत मिळणार नाही, दादा

दादा,

नाटक बसवताना मुलं तुम्हाला दादा म्हणतात, म्हणून मीही. गॅदरिंग होऊन आठवडा झाला, तरी लिहायला बसलं की डोळे भरून येतात.

आम्ही अकोल्याकडचे. लेक पुण्यात शिकते, पण बोलते घरचंच. आधीच्या सरांनी तिला दोन वर्षं पडदा ओढायला उभं केलं. का, तर "उच्चार गावठी आहेत." यंदा ती नाव द्यायलाच तयार नव्हती.

तुम्ही 'संशयकल्लोळ' घेतलंत तेव्हा मनात आलं, 1916 सालचं संगीत नाटक सातवीच्या पोरांना काय झेपणार? पण तुम्ही आधी संहिता दिलीच नाहीत. रद्दीच्या सुरळ्या करून प्रत्येकाला एका डोळ्याने बघायला लावलंत. नाटकात रेवतीला चक्कर येते, फाल्गुनराव सावरतो आणि ते त्याची बायको कृत्तिका पाहते. सुरळीतून कुणाला नुसता हात दिसला, कुणाला नुसती मान. मग ज्याने त्याने आपापलं सांगायचं. काय भांडली म्हणे पोरं! पोळ्या लाटत होते, तर लेक मला समजावते, "कृत्तिकेचं काई चुकलं नाई, तिले तेवढंच दिसलं." नाटकात पुरुषांना महिन्यांची नावं आणि बायकांना नक्षत्रांची, हेही मला चाळिशीत तिच्याकडून कळलं.

नोकर भादव्याचं काम तिला दिलंत. तालमीत ती वाक्याला अडखळली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मले काय मालूम जी, म्या त काईच पायलं नाई." पोरं हसली. तुम्ही खिशातून पेन्सिल काढलीत, छापील वाक्यावर काट मारलीत आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसून विचारलंत, "पायलं कसं लिहायचं गं? सांग." तिने सांगितलं तसं लिहिलंत. बास, एवढंच.

मोलिएरचं 1660 चं फ्रेंच नाटक इंग्रजीतून फिरून नाटककार देवलांच्या हाती मराठी 'संशयकल्लोळ' झालं. मग त्याला वऱ्हाडीचंच वावडं का असावं? आधीच्या सरांना हे विचारायचं राहून गेलं. माणसाला त्याच्या बोलीसकट जागा देणारे तुमच्यासारखे लोक असतात, हे मीच विसरले होते. मीसुद्धा इथे ऑफिसात "पाहिलं" म्हणते, अगदी जपून.

प्रयोगात त्या वाक्याला सगळ्यात मोठा हशा आला. या वेळी तो भादव्याला होता.

संहिता परत करायच्यात, असा निरोप आलाय. आमच्या प्रतीत एक पान कमी निघेल. ते तिने कंपासपेटीत घडी घालून ठेवलंय.

भादव्याची आई